झालेलं सांगा, जोडून सांगा

आमचे इंग्रजीचे सर निघताना "येतो" म्हणत नसत. "जातो" म्हटलं की घरातल्या बायका अंगावर येतात, म्हणून तेही म्हणत नसत. चपला पायात सरकवायच्या, जिना थोडा उतरायचा आणि मग मान वळवून सांगायचं, "निघालो." पाऊल बाहेर पडल्याशिवाय तसं म्हणायचं नाही, हा त्यांचा खाक्या होता.

कुणी लग्नाची पत्रिका हातात दिली की ते म्हणायचे, "मिळाली."

"सर, नक्की यायचं हां."

यावर ते पत्रिका उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "हॉल बघितलेला आहे." पुढे काही नाही. पत्रिका देणारा बिचारा हो समजावं की नाही समजावं या विचारात जिना उतरायचा. माझ्या भावाच्या लग्नात मुलुंडच्या हॉलवर मी रात्री शेवटची पंगत उठेपर्यंत दरवाजाकडे बघत होते. सर काही दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "आलो होतो, जेवलो, नवरानवरीला बघितलं, पण स्टेजवर रांग होती म्हणून भेटलो नाही. मसालेभात चांगला झाला होता." आणि फोन बंद. मला राग आला आणि हसूही आलं. त्यांच्या बाबतीत हे दोन्ही एकदमच व्हायचं.

मी त्यांच्याकडे गेले ती चिडून. मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, पावत्या करायच्या, रिपोर्ट द्यायचे. एका सकाळी एक बाई मुलाला घेऊन आल्या आणि इंग्रजीत विचारू लागल्या, रिपोर्टचं काय झालं. मी जे काय बोलले ते ऐकून तो शाळेतला पोरगा खुदकन हसला आणि आईच्या कानात काहीतरी म्हणाला. आईने त्याला गप्प केलं, पण ओठ तिचेही हलले. घरी येऊन मी जेवले नाही. शेजारच्या परब काकू म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. मी शिकतंय थंय." परब काकू डबे करून देणाऱ्या, साठीला टेकलेल्या. त्या इंग्रजी शिकतात हे मला तेव्हा कळलं.

वर्ग भरायचा विक्रोळीला, एका बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत. खाली वंदना संपायची, मंडळी पांगायची, मग आम्ही चपला बाहेर काढून वर जायचो. खोलीत सतरंजी, एक फळा आणि सरांचं बुटकं टेबल. टेबलावर पुस्तक कधीच नसायचं. फक्त एक लाकडी मुठीचा रबरी शिक्का असायचा. त्याचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, शाईचा तर पत्ताच नाही. हा शिक्का कशासाठी ते मला पहिल्या दिवशी समजलं, आणि पुढचे कित्येक दिवस तो माझ्यासाठी काही उठला नाही.

सरांनी आयुष्यभर एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली होती. गेटच्या शेजारची खोली, भिंतीवर कामगारांची हजेरीची कार्डं पंच करायचं मशीन, आणि कोण आला, कोण गेला याची नोंद. त्यामुळे आमच्या वर्गातली हजेरीसुद्धा टाइम ऑफिससारखी. नाव पुकारायची पद्धत नव्हती. प्रत्येकाने आपण काय केलंय ते इंग्रजीत सांगायचं, तीच हजेरी. "झालेलं सांगा," सर म्हणायचे, "जोडून सांगा." दोन अटी. जे अजून व्हायचंय ते चालणार नाही. आणि एकच गोष्ट सुटी सांगितलेलीही चालणार नाही.

मी उठून म्हणाले, "आय हॅव कम."

"बरं. आणि?"

"आणि काय सर? आलेय ना."

"अगं, माणूस एकच गोष्ट करून येत नाही. घर बंद केलं असशील, कुणाला काही सांगितलं असशील, काहीतरी विसरली असशील. ते जोड."

मला जोडता येईना. सरांनी शिक्का उचलला नाही. म्हणजे त्या दिवशी मी वर्गात बसून गैरहजर. परब काकूंनी मात्र झोकात सांगितलं, "आय हॅव कुक्ड द फिश अँड पॅक्ड द डब्बा, बट आय हॅव नॉट इटन." सरांनी शिक्का उचलून टेबलावर हाणला. ठप्प. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही त्यांना सरकारने पुरस्कार दिला. हसाल, पण त्या कोरड्या ठप्पसाठी आम्ही मोठी माणसं दिवसभर मनातल्या मनात वाक्यं जुळवायचो. मी ट्यूबवर लेबल लावताना पुटपुटायचे. वर्गातला जितू कांजूरला एका टॉवरवर सिक्युरिटी सुपरवायझर होता, तो राउंड मारताना पुटपुटायचा आणि रहिवाशांना वाटायचं हा वॉकीटॉकीवर बोलतोय.

व्याकरणाची पुस्तकी नावं सर घेत नसत. सगळं गेटवरचं. एकाच माणसाने दोन कामं केली असतील तर 'हॅव' एकदाच लावायचा, हे सांगताना म्हणायचे, "माणूस एक, कार्ड एक. त्याच कार्डावर दोन पंच चालतात. आय हॅव वॉश्ड अँड ड्राइड द क्लोद्स. झालं. पण माणूस बदलला की त्याचं कार्ड वेगळं. ही हॅज गॉन अँड आय हॅव स्टेड. दोघांना आपापलं पाहिजे." मग बोट वर करून, "दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही." हे शेवटचं वाक्य ते दरवेळी म्हणायचे आणि दरवेळी जरा जास्तच कडक आवाजात. जितू मागे बसून त्याची नक्कल करायचा. आम्ही हसायचो. सर हसत नसत.

'बट'वर त्यांचा फार जीव. कुणी नुसतं "मी हे केलंय आणि ते केलंय" असं लांबण लावलं की विचारायचे, "बट कुठाय? एवढं सगळं नीट झालं तुझं? मग इथे कशाला आलास?" जितूने एकदा अर्धा तास विचार करून सांगितलं, की त्याने ड्युटी केलीये, नाश्ता केलाय आणि बायकोशी भांडण केलंय, बट ती जिंकलीये. सरांनी शिक्का दोनदा हाणला. तो बहुमान नंतर कुणालाच मिळाला नाही. 'बिकॉज'च्या बाबतीत मात्र ते सावध. "कारण सांगायची घाई करायची नाही," म्हणायचे. ते स्वतः हजेरी सगळ्यांत शेवटी द्यायचे. आज भाजी आणलीये आणि निवडलीये, पण मीठ विसरलोय, असलं काहीतरी. त्यांच्या हजेरीत 'बिकॉज' मी कधी ऐकला नाही.

मला पहिला ठप्प मिळाला त्याच आठवड्यात काउंटरवर एक गृहस्थ इंग्रजीत तापले. मी उठून उभी राहिले, वर्गात राहायचे तशी. म्हणाले, तुमचं सँपल पोचलंय आणि तपासलंय, पण डॉक्टरांनी अजून सही केलेली नाही. सगळं इंग्रजीत, जोडून. गृहस्थ म्हणाले "ओके" आणि खुर्चीत बसले. इतकंच. पण मला त्या वेळी टेबलावर काहीतरी हाणावंसं वाटलं, आणि हाताशी फक्त स्टेपलर होता. मी तोच हाणला.

सरांच्या 'येईन' न म्हणण्याबद्दल विक्रोळीत सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हणायचे विक्षिप्त, कुणी म्हणायचे घमेंडी. त्यांच्या मिसेस होत्या तोवर ते खपून गेलं. पत्रिका द्यायला कुणी आलं की सर "मिळाली" म्हणायचे आणि त्या आतून पदराला हात पुसत यायच्या, "येतील हो ते. मी घेऊन येते ना." सरांच्या वाट्याचं 'येईन' आयुष्यभर त्याच म्हणाल्या. त्या गेल्या आणि ते म्हणणारं कुणी उरलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाताताई लग्न होऊन बोरिवलीला. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. पलीकडच्या रेल्वे लाईनला, म्हणजे आम्हा विक्रोळीवाल्यांना परदेशच. तरी सर तिच्याकडे जायचे, आधी न सांगता. ती ऑफिसला गेलेली असली की शेजाऱ्यांकडे पालेभाजीची पिशवी ठेवून परत यायचे. मला हे जितूने सांगितलं तेव्हा मी म्हणाले, काय माणूस आहे यार, एक फोन केला तर काय झिजतं यांचं.

एका संध्याकाळी सुजाताताई वर्गात येऊन बसली. आम्ही तिला लग्नाच्या फोटोतून ओळखत होतो. तब्येत उतरली होती. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते, त्यांनी वळून बघितलं आणि खडू खाली ठेवला. म्हणाले, "आलीस?"

"आलेय. हजेरी द्यायला आलेय," ती म्हणाली.

हजेरी सुरू झाली. परब काकू झाल्या, मी झाले, जितू झाला. ताईची पाळी आली. ती उठली नाही, बसूनच बोलली. तिचं इंग्रजी आमच्यासारखं अडखळत नव्हतं.

"आय हॅव आस्क्ड माय फादर टू कम टू द हॉस्पिटल, बट ही हॅज नॉट आन्सर्ड."

सरांनी मान डोलावली. "वाक्य बरोबर आहे," म्हणाले. शिक्क्यावर हात गेला, पण उचलला नाही.

परब काकूंना अशा वेळी गप्प बसणं जमत नाही. त्या म्हणाल्या, "सर, वाक्य बरोबर आसा तां आमका पण कळता. उत्तर खय आसा?"

मग ताईनेच सांगितलं. पोटात गाठ निघालीये. गुरुवारी ऑपरेशन. गाठ कसली आहे ते काढल्यावर कळणार. नवऱ्याचं जहाज लांब आहे, तो पोचू शकत नाही. "मी पप्पांना फोनवर विचारलं, याल ना? हे म्हणतात, हॉस्पिटल बघितलेलं आहे."

जितूला हसू येणार होतं, त्याने ते गिळलं.

"येणार आहेत गं ते," मी म्हणाले. "सर येतातच."

"मला माहितेय येतात." ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती सरांकडे. "शाळेच्या गॅदरिंगला आले. दहावीच्या निकालाला आले. कधी चुकले नाहीत. पण ते येईपर्यंत मला माहीत नसायचं ना, की येणार आहेत. तेवढा वेळ मी एकटीच असायचे. आई होती तेव्हा ती सांगायची, येतील. आता कोण सांगणार? पप्पा, भूल देताना मला एकटीला नाही राहायचं. एवढंच आहे."

सर खाली बसले. खुर्चीवर नाही, सतरंजीवर, आमच्यात. आम्हाला काय करावं कळेना, म्हणून आम्ही थोडं सरकलो. त्यांनी इंग्रजीतच सुरुवात केली, हजेरीच्या सवयीने. "आय हॅव नॉट सेड इट, बिकॉज..." आणि तिथे थांबले. पुढचं सगळं मराठीत आलं.

टाइम ऑफिसात असताना त्यांचा एक मित्र होता, त्याच कारखान्यात, पहिल्या पाळीला. एका सकाळी भोंग्याच्या आधी मित्राचा निरोप आला, निघालोय, उशीर होतोय, माझं कार्ड पंच कर, पोचतोच. सरांनी केलं. सगळेच करायचे एकमेकांचं. थोड्या वेळाने येईल, आत शिरेल, कुणाला कळणारही नाही. मित्र हायवे ओलांडताना गाडीखाली सापडला. लोकांनी उचलून दवाखान्यात नेला, खिशात नाव-पत्ता काही नव्हता. दुपारी त्याची बायको गेटवर आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की हायवेवर अपघात झालाय, घाबरून आली होती. सरांनी कार्ड बघितलं. कार्डावर तो आत होता.

"मीच पंच केलेलं," सर म्हणाले. "पण मला वाटलं, आला असेल एव्हाना. जाऊन बघायला हवं होतं. मी तिला म्हणालो, आत आहे वहिनी. पाळी सुटली की येईल. ती बसली तिथेच, झाडाखाली. डबा आणला होता तिने. तो तिकडे दवाखान्यात संध्याकाळपर्यंत जिवंत होता. जवळ कुणी नव्हतं. मी म्हणालो नसतो, तर ती शोधत गेली असती."

दुसऱ्याच्या कार्डाला हात लावायचा नाही, याची नक्कल करणारा जितू मान खाली घालून सतरंजीचे धागे ओढत होता.

"तेव्हापासून जीभच वळत नाही," सर म्हणाले. "जे झालंय तेवढं बोलतो. मला वाटायचं, तू लहान आहेस, तुला काय फरक पडतो. मी पोचतोय ना वेळेवर. तुझ्या आईला ठाऊक होतं. ती सांभाळून घ्यायची."

ताई रडत होती, पण आवाज स्थिर होता तिचा. ती त्यांच्या जवळ सरकली. "पप्पा, त्या वहिनींना माणूस हवा होता. मला शब्द हवाय. रस्त्यात काही झालं, नाही पोचलात, तर नाही पोचलात. मी नाही धरणार तुम्हाला. पण म्हणा."

सरांचे ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. म्हातारा माणूस असा एका शब्दासाठी झगडताना मी कधी बघितला नव्हता. आमच्याकडून इतकी वाक्यं काढून घेणाऱ्या त्या माणसाचा मला इतका कळवळा आला, की मीच त्यांच्या वतीने म्हणणार होते. परब काकूंनी माझा हात दाबून धरला. बरं झालं धरला.

"येईन," सर म्हणाले.

एवढं म्हटलं आणि ताईचा हात घट्ट धरला, जसं काही तीच त्यांना भूल द्यायला घेऊन चालली होती.

पुढचं मला ताईने सांगितलं. गुरुवारी सकाळी ती पोचायची होती, ऑपरेशन दुपारी. सर बुधवारी दुपारीच बोरिवलीच्या हॉस्पिटलात हजर. सोबत पिशवीत टॉवेल, पाण्याची बाटली आणि मुरमुरे. हॉस्पिटलचा वॉचमन म्हणाला, काका, तुमचा पेशंट कुठाय? सर म्हणाले, अजून आलेला नाही. मग तुम्ही कशाला आलात? सर म्हणाले, "येईन बोललोय ना." वॉचमनने त्यांना बाकावर बसू दिलं. गुरुवारी ताई रिक्षातून उतरली तेव्हा ते त्याच बाकावर होते, शर्ट चुरगळलेला. तिला बघून उठले आणि हजेरी दिली, "आलोय, चहा घेतलाय, पण झोप नाही लागली."

हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, की हा माणूस शब्द देत नव्हता तो कोरडा होता म्हणून नाही. शब्द दिला की तो पाळेपर्यंत त्यांना धड श्वासही घेता येत नसे.

त्या गुरुवारी आम्ही ठरवून वर्गात जमलो. सरांशिवाय करणार काय, तरी जमलो. परब काकूंनी बुटक्या टेबलापाशी बसून शिक्का ताब्यात घेतला. हजेरी घेतली. मी म्हणाले, मी आलेय आणि बसलेय, पण माझं लक्ष नाहीये. काकूंनी ठप्प केलं नाही. म्हणाल्या, "माझां पण नाय." फोन जितूच्या मांडीवर होता. तो वाजला तेव्हा त्याने इतक्या घाईत उचलला की आधी कटच केला. पुन्हा वाजला. जितूने स्पीकर लावला.

सरांचा आवाज आला. मागे ट्रॉलीची खडखड. आधी नुसतं 'हॅलो'.

मग म्हणाले, "शी हॅज ओपन्ड हर आइज अँड आस्क्ड फॉर टी, बट दे हॅव रिफ्यूज्ड."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. जितूने विचारलं, "आणि गाठ, सर?"

"द डॉक्टर हॅज सीन इट अँड स्माइल्ड. बट..." आणि सरांचा आवाज फुटला. त्यांच्या 'बट'ला पुढे काही जोडायला नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक.

परब काकूंनी शिक्का उचलला, फोन टेबलावर जवळ ओढला, आणि त्याच्या शेजारी असा हाणला की खडूची डबी खाली पडली. ठप्प.

पलीकडून सर म्हणाले, "थँक्यू." मग आवाज सावरून म्हणाले, "सोमवारी येईन."

सोमवारी आम्ही वेळेच्या बरंच आधी गेलो, कारण आता आम्हाला त्यांचं 'येईन' माहीत झालं होतं. तरीही सर आमच्या आधी येऊन जिन्यात बसलेले होते.